वाचकांचे प्रश्न : गडकरी वाचायचे कुठून?

मागच्या अंकात आम्ही विचारलं होतं की तुमच्या कपाटात आहे पण वाचून झालेलं नाही असं कुठलं पुस्तक. त्यावर जी पत्रं आणि व्हॉट्सअॅप मेसेज आले त्यात राम गणेश गडकऱ्यांचं नाव इतक्या वेळा आलं की यावेळचं सदर पूर्ण त्यांनाच द्यायचं ठरवलं. समग्र गडकरी घरात आहेत, वडिलांनी नाहीतर आजोबांनी घेतलेले, दिवाळीच्या साफसफाईत पुसून परत ठेवतो, पण वाचत नाही, असं बहुतेकांचं म्हणणं. त्यातले काही प्रश्न निवडलेत.

प्रश्न : सासऱ्यांच्या कपाटात गडकऱ्यांच्या सगळ्या साहित्याचे जाडजूड खंड आहेत. ते वाचताना एकटेच मोठमोठ्याने हसायचे, आम्ही सगळे स्वयंपाकघरातून ऐकायचो. ते गेल्यावर मी मुद्दाम वाचायला घेतलं, ‘प्रेमसंन्यास’पासून सुरुवात केली, पण वाक्य संपेपर्यंत त्याची सुरुवात काय होती तेच विसरायला होतं. हसू तर येतच नाही. माझं काही चुकतंय का? — एक वाचक, भांडुप

ताई, तुमचं काही चुकत नाहीये, फक्त दार वेगळं निवडलंय. समग्र वाङ्मय छापताना नाटकं, कविता, लेख असं लावून छापतात, ते सोयीचं असतं, पण त्याच क्रमाने वाचलं पाहिजे असं थोडंच आहे. ‘प्रेमसंन्यास’ हे रंगभूमीवर आलेलं त्यांचं सुरुवातीचं नाटक, विधवाविवाहाचा प्रश्न मनात धगधगत असलेल्या तरुण माणसाने लिहिलेलं, आणि त्यात सांगायचं इतकं आहे की प्रत्येक पात्र पानपानभर बोलतं. तेव्हा नाटक रात्र रात्र चालायचं, लोक भाषा ऐकायला यायचे, त्यांना घाई नव्हती. त्यातला विसरभोळा गोकुळ अजूनही लोकांच्या बोलण्यात आहे, पण त्याच्यापर्यंत पोचायला धीर लागतो. ते नाटक आत्ता बाजूला ठेवा, सगळ्यात शेवटी वाचा, आणि नाही वाचलंत तरी चालेल.

सुरुवात बाळकरामपासून करा. गडकरी नाटकं स्वतःच्या नावाने लिहायचे, कविता गोविंदाग्रज या नावाने आणि विनोदी लेख बाळकराम या नावाने. खंडात ‘संपूर्ण बाळकराम’ असा विभाग सापडेल, त्यात ठकीच्या लग्नाचे लेख आहेत, ‘लग्नाच्या मोहिमेची पूर्वतयारी’, ‘वरसंशोधन’ आणि ‘लग्न मोडण्याची कारणे’. तिंबूनाना नावाचे एक गृहस्थ, त्यांची मुलगी ठकी, तिचं लग्न काही जमत नाही म्हणून सगळी मित्रमंडळी कामाला लागतात, गोष्ट एवढीच. पण नुसती नावं बघा ना, ‘मोहीम’, ‘पूर्वतयारी’, ‘संशोधन’! स्थळ बघणं हे घराघरातलं काम, आणि तो माणूस त्याच्यासाठी लढाईची आणि शास्त्रग्रंथांची भाषा काढतो, आणि एकदा काढली की शेवटपर्यंत सोडत नाही. मला वाटतं गडकऱ्यांच्या विनोदाची खरी ताकद ह्या न सोडण्यात आहे. एखादी वेडी कल्पना घ्यायची आणि मग तिच्याशी अगदी कायद्याने वागायचं, तिची कलमं पाडायची, पोटकलमं पाडायची, आणि हे सगळं इतक्या गंभीरपणे की वाचणाऱ्याला सुटकाच राहत नाही. ‘कवींचा कारखाना’ पण असाच, नावातच सगळं आलं.

आणि दुसरी गोष्ट, हे मी फार मनापासून सांगतोय, मोठ्याने वाचा. तुमचे सासरे मोठ्याने हसायचे असं तुम्ही लिहिलंय, माझी खात्री आहे की ते निदान ओठ हलवत तरी वाचत असणार. गडकऱ्यांचं वाक्य डोळ्यांनी वाचलं तर लांब वाटतं आणि तोंडाने म्हटलं की बरोबर श्वास घ्यायच्या जागी थांबतं, कारण ते लिहिलंच नटाच्या तोंडासाठी. अनुप्रास, कोट्या, एकाच शब्दाची तीन रूपं एकापाठोपाठ, हे कानाला कळतं आधी आणि मग डोक्याला. पहिल्या वाचनात काही कोट्या कळणार नाहीत, शंभरपेक्षा जास्त वर्षांपूर्वीच्या आहेत, काही संदर्भच उरलेले नाहीत, तिथे अडून बसू नका, पुढे चला. डिक्शनरी घेऊन विनोद वाचता येत नाही.

बाळकराम झाला की ‘एकच प्याला’ घ्या, आणि हे मात्र सलग वाचा, सुट्टीच्या दिवशी, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. गोष्ट तुम्हाला माहीत असेलच, सुधाकर हा हुशार वकील, कोर्टात अपमान होतो, वकिलीची सनद काही काळासाठी जाते, आणि त्याचा कारकून तळीराम त्याला पहिला प्याला देतो. आता तळीरामाची वाक्यं नीट बघा. तो दारुड्यासारखं बोलत नाही, वकिलाच्या कारकुनासारखं बोलतो. दारूची बाजू तो केस लढवल्यासारखी मांडतो, मुद्द्याला मुद्दा जोडत, आणि त्याचं आर्यमदिरामंडळ म्हणजे तर रीतसर संस्था, त्यात शास्त्री आहे, खुदाबक्ष आहे, यल्लप्पा आहे, मगनभाई आहे, म्हणजे ज्या लोकांना त्या काळात एका पंगतीला बसवणं समाजसुधारकांना जमत नव्हतं ते सगळे इथे एका बाटलीभोवती बसलेत! वाचताना आपण हसतो आणि हसता हसता पटायला पण लागतं, आणि तिथेच गडकऱ्यांनी आपल्याला पकडलेलं असतं. कारण सुधाकरलाही ते असंच पटलेलं आहे.

मग तेच नाटक पुढे सिंधूकडे जातं. मोठ्या घरची मुलगी, वकिलाची बायको, आणि आता लोकांचं दळण दळतेय, बाळ जवळ आहे, आणि ती जात्यावर ‘चंद्र चवथिचा’ म्हणतेय. ह्या प्रवेशात विनोद नाही, भाषेचा दिमाख पण गडकरी इथे आवरता घेतात. आणि तिकडे तळीराम आजारी पडतो तेव्हा त्याच्या अंथरुणाजवळ वैद्य आणि डॉक्टर एकमेकांशी भांडतात, पेशंट मरायला टेकलाय आणि ह्यांचं शास्त्र कुणाचं मोठं ते ठरत नाही. तो प्रवेश वाचताना हसू येतं आणि घशात पण काहीतरी अडकतं. समग्र वाचायचा फायदा हाच आहे असं मला वाटतं, ठकीच्या लग्नाची कलमं पाडणारा हात आणि सिंधूला जात्याशी बसवणारा हात एकच आहे हे तुम्हाला एकाच खंडात दिसतं. सुटं पुस्तक वाचलं तर एकतर विनोदी लेखक भेटतो नाहीतर रडवणारा नाटककार.

एक माहिती जाता जाता. ‘एकच प्याला’तली पदं मुख्यतः विठ्ठल सीताराम गुर्जरांची आहेत, गडकऱ्यांची तब्येत तोपर्यंत फारच बिघडली होती. २३ जानेवारी १९१९ ला विदर्भात सावनेरला ते गेले. जन्म २६ मे १८८५ चा, नवसारीचा. म्हणजे पूर्ण चौतीस वर्षं पण नाही मिळाली. नाटक रंगमंचावर आलं ते त्यांच्या मागे, गंधर्व नाटक मंडळीने आणलं, सिंधू केली बालगंधर्वांनी. तुमच्या कपाटातले ते जाड खंड इतक्या लहान आयुष्यात लिहिले गेलेत, हे एकदा डोक्यात आलं की पुस्तक हातात धरताना वेगळं वाटतं, निदान मला तरी दरवेळी वाटतं.

प्रश्न : मी माटुंग्याला कॉलेजमध्ये आहे, एम.ए. मराठी. ठकीच्या लेखांवर आमच्या वर्गात खूप वाद झाला. तिच्या रंगावर, रूपावर इतके जोक्स आहेत की मला मधेच पुस्तक बंद करावंसं वाटलं. सर म्हणाले तो काळ वेगळा होता. मला ते उत्तर पुरेसं वाटत नाही. — एक विद्यार्थिनी

मलाही ते उत्तर अपुरं वाटतं, आणि तू प्रश्न विचारलास हे फार बरं केलंस. काळ वेगळा होता हे खरंय पण त्याने वाक्य कमी बोचरं होत नाही. एखाद्या मुलीच्या दिसण्यावर पानंच्या पानं विनोद आज वाचवत नाहीत आणि वाचवत नाहीत असं म्हणायला लाजायचं कारण नाही. मी स्वतः ती पानं कुणाला मोठ्याने वाचून दाखवत नाही.

पण पुस्तक बंद करायच्या आधी एक बघ. त्या लेखांमध्ये ठकीला स्वतःचं एक वाक्य तरी आहे का, कोण बोलतंय, कोण ठरवतंय? सगळी पुरुषमंडळी. त्यांची खलबतं, त्यांचे हिशेब, मुलाकडच्यांचा माज, मुलीकडच्यांची लाचारी, आणि ‘लग्न मोडण्याची कारणे’मध्ये तर नकाराची एकाहून एक कारणं. हुंडा आणि बघण्याचे कार्यक्रम ह्या सगळ्या बाजाराचं इतकं बारीक चित्र त्या काळातल्या गंभीर निबंधांत पण मला मिळालं नाही. म्हणजे बाजारावरचा विनोद अजून धारदार आहे आणि मुलीवरचा विनोद गंजलाय, आणि दोन्ही एकाच लेखात आहेत, कधीकधी एकाच वाक्यात. हे वेगळं करता आलं पाहिजे. लेखक मोठा आहे म्हणून सगळं पोटात घालायचं हेही नको आणि एक भाग खटकला म्हणून सगळा माणूस फेकायचा हेही नको. तुझ्या प्रोजेक्टसाठी हाच विषय घे ना, बाळकरामचे हे लेख आणि आजच्या मॅट्रिमोनी साइटवरच्या अपेक्षा, गोरी, उंच, नोकरी करणारी, घर सांभाळणारी, समोरासमोर ठेवून बघ. आणि त्याच लेखकाच्या सिंधूला आणि ‘भावबंधन’ नाटकातल्या लतिकेलाही बरोबर घे. लतिका तोंडावर बोलते, मानी आहे, तिने केलेल्या अपमानाचा सूड म्हणून घनश्याम सगळं कारस्थान रचतो. गप्प ठकी आणि बोलणारी लतिका, एकाच लेखकाच्या. तुझं उत्तर काय येतं ते मला नक्की कळव, मला खरंच वाचायचंय.

प्रश्न : आमच्या कट्ट्यावर वाद आहे की मराठी विनोदाचे जनक कोण, गडकरी की श्रीपाद कृष्ण कोल्हटकर? निकाल द्या. — ज्येष्ठ नागरिक कट्टा, गिरगाव

काका, ह्यात वाद होण्यासारखं नाही, कारण गडकरीच कोल्हटकरांना गुरू मानायचे. कोल्हटकरांचे ‘सुदाम्याचे पोहे’ हे विनोदी लेख आधी आले, सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या हे त्रिकूट आधी आलं, आणि रूढींवर विनोदाने प्रहार करायचा हा रस्ता कोल्हटकरांनी पाडला. ‘बहु असोत सुंदर संपन्न की महा’ पण त्यांचंच. पुढे गडकऱ्यांना गुरू मानणारे आचार्य अत्रे आले, म्हणजे ही सरळ एक परंपरा आहे, गुरू, शिष्य आणि शिष्याचा शिष्य. पण कुणाचं आज जास्त वाचवतं असं विचाराल तर गडकरी. कोल्हटकरांचा विनोद बुद्धीला पटतो, गडकऱ्यांच्यात माणसं आहेत. हे माझं मत. कट्ट्यावर मान्य होईलच असं नाही.

प्रश्न : मुलगा इंग्लिश मीडियमला आठवीत आहे. मराठी बोलतो छान पण वाचायला कंटाळा करतो. गडकरी त्याला कधी आणि कसे द्यावेत? — एक आई, ऐरोली

आत्ताच द्या पण पुस्तक हातात देऊ नका, वाचून दाखवा. ‘सकाळचा अभ्यास’ नावाचं त्यांचं एक छोटंसं प्रहसन आहे, मुलं सकाळी अभ्यासाला बसलीयेत आणि मोठ्याने घोकताहेत, त्यातून जो गोंधळ होतो तो. आठवीतल्या मुलाला ते लगेच आपलं वाटेल. घरात दोघं-तिघं मिळून वाचा, त्याला एखादं पात्र द्या. बाकी ‘एकच प्याला’ वगैरे कॉलेजला गेल्यावर. मुलगा गाण्यातला असेल तर त्या नाटकातलं बालगंधर्वांचं ‘कशि या त्यजू पदाला’ ऐकवा, रेकॉर्डिंग जुनं आहे, खरखर आहे, पण दोन-तीनदा ऐकलं की कान सरावतो.

प्रश्न : पुस्तक घ्यायचंय पण खंड महाग आणि अवजड, लोकलमध्ये हातात धरून वाचणं शक्य नाही. — एक वाचक, विरार

घेऊ नका लगेच. दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, १८९८ पासूनचं, तुम्ही रोज वेस्टर्नने येत असाल तर वाटेतच आहे. सुटी नाटकं पातळ असतात, बॅगेत मावतात. शिवाय गडकऱ्यांच्या साहित्यावरचा कॉपीराइट कधीच संपलाय त्यामुळे नेटवर बरंच काही मोफत वाचता येतं, फोनवर अक्षर मोठं करून. फक्त विरार लोकलमध्ये मोठ्याने वाचायचं बघा कसं जमतंय ते, मनातल्या मनात उच्चारलं तरी चालेल.

प्रश्न : आमच्या सोसायटीत गणपतीत दरवर्षी ऑर्केस्ट्रा असतो. यंदा आम्ही काही बायकांनी गडकऱ्यांचं नाट्यवाचन करायचं ठरवलंय. कमिटीने अर्धा तास दिलाय, आणि आधीच कुरकुर चालू आहे की गणपतीसमोर दारूचं नाटक कसं. काय निवडावं, कसं बसवावं? — महिला मंडळ, मुलुंड

सगळ्या पत्रांत मला ह्या पत्राचा सगळ्यात जास्त आनंद झाला. आधी कुरकुरीचं बघू. कमिटीला सांगा की दारूने घर कसं उद्ध्वस्त होतं ह्यावर मराठीत ‘एकच प्याला’इतकं जळजळीत दुसरं नाटक नाही. ३१ डिसेंबर आला की आपल्या पेपरांत ‘तळीरामांवर कारवाई’ अशी हेडिंग येतात, तो तळीराम ह्या नाटकातला आहे, एवढं सांगितलं तरी बरेच जण गप्प होतील. उलट सोसायटीत हे वाचलंच पाहिजे.

आता निवड. दोन तुकडे घ्या. पहिला आर्यमदिरामंडळाचा प्रवेश, आणि लगेच त्याला जोडून सिंधूचा जात्यावरचा प्रवेश. मधे निवेदन नको, गोष्ट समजावून सांगायची असेल ती सगळी सुरुवातीला चार वाक्यांत सांगून टाका. हसणं पूर्ण थांबायच्या आत सिंधूचं पहिलं वाक्य आलं पाहिजे, नाटककाराने केलंय तेच आपण थोडं जवळ आणतोय. मंडळाचा प्रवेश अख्खा घेऊ नका, लांब आहे. काटताना कोटी काटा पण युक्तिवाद काटू नका, म्हणजे तळीराम एका मुद्द्यावरून दुसऱ्यावर कसा जातो ती साखळी तुटता कामा नये. एक साखळी तुटली तर पुढचं सगळं नुसतं बडबड वाटतं.

सगळ्यात महत्त्वाचं, झिंगल्याचा अभिनय कुणीही करायचा नाही. ही चूक हौशी मंडळी नेहमी करतात, जीभ जड करायची, तोल घालवायचा, आणि मग शब्दच कळत नाहीत. ह्या लोकांचा विनोद ते शुद्धीत असल्यासारखे बोलतात ह्यात आहे. सभा चालू आहे, ठराव मांडतोय, असं वाचा. तळीरामासाठी तुमच्यातल्या ज्या ताई सोसायटीच्या एजीएममध्ये मुद्देसूद बोलतात त्यांना घ्या, मी गंमत म्हणून सांगत नाहीये, तोच सूर लागतो. बायकांनी पुरुषपात्रं वाचायची का असं कुणी विचारलं तर सांगा की पहिली सिंधू पुरुषानेच केली होती.

सिंधूला मात्र कमी आवाजाची बाई घ्या, माइक जवळ ठेवा, आणि तिला रडू देऊ नका. ती रडली की लोक रडत नाहीत. तिचं बोलणं घरात कामं करता करता बोलतो तसं यायला पाहिजे. तालमी कॉलनीच्या हॉलमध्ये करण्यापेक्षा कुणाच्या तरी घरी करा, पहिल्या दोन-तीन वेळा नुसतं बसून वाचा, उभं राहूच नका, जोडाक्षरं तोंडात बसेपर्यंत. आणि ‘चंद्र चवथिचा’ गाणारी कुणी असेल तरच ते पद घ्या. नसेल तर वाचून दाखवू नका, सरळ गाळा, नाहीतर मुलुंडमध्ये गाणं शिकणारी एखादी मुलगी शोधा, पेटी नसली तरी चालेल, जात्यावर पेटी कुठे असते. तालमीत कुठे अडलं तर मला लिहा, कुठली वाक्यं ठेवायची आणि कुठली काढायची ते मी प्रत समोर ठेवून कळवतो.